साडेसहाशेचा चौकाबारा आणि फुकटचे चिंचोके

पोराचं डोकं मोबाइलमधून बाहेर यावं म्हणून हा चौकाबाऱ्याचा, म्हणजे कवड्या टाकून पटावर सोंगट्या फिरवायच्या जुन्या खेळाचा, संच ऑनलाइन मागवला. 650 रुपये. कापडी पट, 16 लाकडी सोंगट्या, चार कवड्या, पुस्तिका आणि वर एक ॲप. म्हणजे मोबाइल काही सुटला नाहीच.

कापडाला पैकीच्या पैकी. जाड सुती, दुहेरी शिवण, चहा सांडला तरी डाग निघाला (सांडला माझ्याच हातून). सोंगट्या मात्र बेताच्या. सावंतवाडीच्या खेळण्यांना लाखेची जी चकाकी असते ती इथं नाही, नुसता रंग फासलाय. लाल सोंगटीचा तर आठवड्यातच उडाला.

आषाढात खानापूरकडं सासरी गेलो होतो. पाऊस धरलेला, त्यात करंट गेला, तेव्हा कुठं सोहमनं खोकं उघडलं. "आई, ही तर लुडोची कॉपी!" म्हटलं, उलट आहे बाबा. लुडोचं पेटंट इंग्लंडात 1896 साली घेतलं, तेही आपल्या पच्चिशीवरून. हंपीच्या फरश्यांवर कोरलेले पट आपण मागल्या सुट्टीत बघितले, विसरलास?

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, जपमाळ ओढत लांबून बघत होत्या. पुस्तिकेप्रमाणं सोहमची सोंगटी बाहेरची घरं फिरून सरळ आतल्या फेरीत शिरली, तशी माळ थांबली. "दुसऱ्याची सोंगटी मारल्याबिगर आत जातंय व्हय रे कुठं?" झालं, पुस्तिका बाजूला. कवड्याही त्यांना पटल्या नाहीत, फरशीवर घरंगळतात म्हणून. सैपाकघरातनं चिंचोके आणले, दोन फोडून पाट्यावर घासून चार फाका केल्या. पांढऱ्या पडतील तेवढी घरं. चारही पांढऱ्या तर चौका, चारही काळ्या तर आठ, आणि दोन्हीला परत खेळी.

विरजण न्यायला आलेल्या शेजारच्या अज्जी तिथंच बसल्या. त्यांच्या कानडीत हुणसे बीज, आमच्यात चिंचोके, एवढाच फरक. त्यांचा एक नियम जास्तीचा: आपल्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की 'गट्टी', मग एकटी सोंगटी त्यांना मारू शकत नाही. कानडीत गट्टी म्हणजे घट्ट. सोहमला हसू आवरेना, कारण त्याच्या वर्गात कट्टी झाल्यावर गट्टी करतात. दोघी म्हाताऱ्या गट्टी करून त्याला तीनदा हरवून गेल्या.

आता ॲप. गावी रेंज नाही, त्यामुळं ते बेळगावला परतल्यावर चाललं. पट कॅमेऱ्याखाली धरायचा, मग आवाज येतो, चांदण्या मिळतात. भाषा इंग्रजी नाहीतर हिंदी. मराठी नाही, कानडीही नाही. आत्तींच्या नियमानं खेळलं की 'चुकीची चाल' म्हणून लाल फुली मारतं. 'आजीची गोष्ट' रेकॉर्ड करायचं बटण आहे, ते तीस सेकंदांत बंद. आमच्या आत्तींना तेवढ्यात नुसतं "काय सांगू बाई" म्हणून होतं.

पाचपैकी तीन. ॲप काढून टाकलं तर चार. घ्यायचाच तर पटासाठी घ्या, आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर पुस्तिका आधी त्यांच्या हातात देऊ नका.

आमचा पट सध्या गावीच आहे, सोहम मुद्दाम ठेवून आला. परवा आत्तींचा फोन होता: लाल सोंगटी हरवलीय, बांगडीच्या काचेवर भागवतोय. इकडं सोहम गच्चीवर खडूनं घरं आखून बसतो, आणि गच्ची पुसायचं काम माझ्याकडं आलंय.