डक्ट आणि ओव्हनसाठी काय घ्यावं: ग्लासवूल बोर्ड, रॉकवूल की नायट्राइल?

डक्ट किंवा ओव्हनवर चढवायच्या इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाची, तीन कोटेशनं समोर येतात: ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि नायट्राइल (बंद पेशींचा रबरी फोम). तेव्हा बहुतेक जण आधी के-व्हॅल्यूचा रकाना बघतात. तिथे फारसं काही हाती लागत नाही. नेहमीच्या तापमानाला तिघांचीही उष्णतावाहकता ०.०३३ ते ०.०४० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरातच असते. निवड ठरते ती दोन गोष्टींवर: पत्रा किती तापणार किंवा गार पडणार, आणि पाणी कुठून शिरणार.

तापमानाचं गणित सोपं आहे. नायट्राइल रबर साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. फिनॉलिक बाइंडरचा (तंतू चिकटवणाऱ्या रेझिनचा) नेहमीचा ग्लासवूल बोर्ड सुमारे २३० अंशांपर्यंत चालतो. त्यापुढे रॉकवूल, तेही साडेसहाशेच्या आसपासपर्यंत. २३० ला काच काही वितळत नाही, पण तंतू एकमेकांना धरून ठेवणारा बाइंडर जळायला लागतो आणि बोर्डाचा ताठपणा जातो. त्यामुळे थर्मिक फ्लुइड हीटर (गरम तेलावर चालणारा) किंवा जनरेटरचा एक्झॉस्ट असेल तर ग्लासवूलचं कोटेशन बाजूला ठेवा.

ग्लासवूल बोर्डाची खरी जागा मधल्या पट्ट्यात. चाकणकडच्या पेंट शॉपमधला पावडर कोटिंगचा ओव्हन घ्या. आत १८० ते २०० अंश, बाहेर सपाट पत्रे आणि चौकोनी डक्ट. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला दीड ते अडीच किलोवॅट उष्णता बाहेर पडते. ५० मिलिमीटरचा बोर्ड नीट बसवला की ती दीडशे वॅटच्या आत येते. इथे रॉकवूलही चालेल, पण त्यात तंतू न झालेले दगडी कण राहतात. ते वजन वाढवतात, उष्णता अडवायला मात्र उपयोगी पडत नाहीत. ४८ घनतेचा (म्हणजे घनमीटरला ४८ किलो) ५० मिलिमीटर बोर्ड चौरस मीटरला २.४ किलो भरतो, ९६ घनतेचा रॉकवूल स्लॅब ४.८ किलो. वर टांगलेल्या डक्टला आणि परांचीवर उभं राहून काम करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. माणसं डक्टवर पाय देऊन जाणार असतील तर गोष्ट वेगळी. तिथे जड रॉकवूलच घ्या, ग्लासवूल दबून जाईल.

एक सूचना: नवीन बोर्ड पहिल्यांदा तापतो तेव्हा गरम बाजूचा बाइंडर थोडा जळून वास आणि धूर येतो. पहिली तापवणी रिकाम्या ओव्हनवर, एक्झॉस्ट चालू ठेवून करा. प्रॉडक्शन लावूनच सुरुवात केली तर पहिल्याच पाळीत फोन येतो.

आता गार डक्ट, म्हणजे एसीची थंड हवा नेणारी. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कोकणपट्टी किंवा गोव्यातल्या वेर्ण्याचा पावसाळा धरा: हवा ३२ अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली वाफेचं पाणी होतं ते तापमान, २९ अंशांच्या किंचित वर. डक्टमधली हवा १४ अंश. त्यावर २५ मिलिमीटरचा फॉइल लावलेला ग्लासवूल बोर्ड असेल तर बाहेरचा पृष्ठभाग साधारण २८ अंशांवर येतो आणि घामेजतो. तेवढ्याच जाडीचं काळं नायट्राइल मात्र साडेएकोणतीसच्या आसपास राहतं, म्हणजे काठावर का होईना, कोरडं. ही जादू रबराची नाही, पृष्ठभागाची आहे. चकचकीत फॉइल खोलीतली प्रारणाची उष्णता परत फेकतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग जास्त गार राहतो. फॉइलचाच बोर्ड हवा असेल तर ५० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका, आणि तोही काठावरच आहे हे लक्षात ठेवा.

जाडीपेक्षा मोठा घोळ सांध्यांचा. ग्लासवूल वाफेला अडवत नाही, अडवतं ते वरचं फॉइल. बोर्ड धरायला ठोकलेली प्रत्येक पिन ते फॉइल भोसकते. पिनच्या वॉशरवर टेप नसेल, किंवा धूळ न पुसता टेप मारली असेल, तर वाफ आत शिरून थंड पत्र्यावर पाणी होते. ते पाणी लोकरीतून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी, बहुधा सर्वात खालच्या सांध्यातून, टपकतं. गळती शोधणारा तिथेच टेप मारून निघून जातो. नायट्राइलच्या पेशी बंद असल्याने एक काप गेला तरी नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. म्हणून किनारपट्टीवर गार डक्टला नायट्राइल, दर जास्त असला तरी. जोडणीचं सोल्युशन मात्र दोन्ही कडांना लावून सुकू द्यायला हवं. घाईत ओलंच चिकटवलं तर हेही उघडतं. नायट्राइल जळताना धूर बराच करतं, त्यामुळे सुटकेच्या वाटेवरून डक्ट जात असेल तर आधी फायर कन्सल्टंटला विचारा.

ब्लोअरचा आवाज कमी करायचा असेल तर बंद पेशींचं साधं नायट्राइल फार उपयोगाचं नाही, आवाज शोषतात ते तंतू. डक्टच्या आतून टिश्यू लावलेला ग्लासवूल आणि वर छिद्रांचा ॲल्युमिनियम पत्रा ही जुनी पद्धत अजून उत्तम. औषध किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मात्र हवेच्या वाटेत लोकर नको.

रासायनिक कारखान्यांत, लोटे-महाडकडे वगैरे, उपकरणाच्या गंजाचाही विचार करा. इन्सुलेशनखालच्या गंजासाठी साध्या पोलादाला उणे १२ ते १७७ अंशांचा पट्टा धोक्याचा मानतात. स्टेनलेस स्टीलला ६० ते १७७ अंशांत क्लोराइडमुळे तडे जातात. ग्लासवूल असो वा रॉकवूल, स्टेनलेसवर लावायचा असेल तर एएसटीएम सी ७९५ चा (स्टेनलेसला लागणाऱ्या इन्सुलेशनच्या मानकाचा) दाखला मागा. क्लॅडिंगचा, म्हणजे इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या आवरणाचा, वरचा पत्रा खालच्यावर चढलेला आहे ना, तेही शिडीवर चढून बघा.

अंग खाजणं दोन्ही लोकरींत आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) २००१ मध्ये दोन्ही प्रकारच्या इन्सुलेशन लोकरीला गट ३ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतात असं ठरवण्याइतका पुरावा नाही. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तरीही हवाच.

ऑर्डरवर ‘ग्लासवूल ५० एमएम’ एवढंच लिहू नका. घनता, फेसिंग (फॉइल वगैरे वरचा थर), आयएस ८१८३ हे भारतीय मानक आणि कमाल तापमान लिहा. माल आला की एक बोर्ड वजनकाट्यावर ठेवा. १.२ बाय ०.६ मीटर, ५० मिलिमीटर, ४८ घनता, तर लोकरीचं वजन पावणेदोन किलोच्या जवळपास भरायला हवं. सव्वा किलो भरला तर गाडी रिकामी करू नका.