‘वॉर्निंग’ थेट सिनेमापासून बघू नका

पंजाबी गाणी आपल्या साताऱ्यात वरातीतसुद्धा वाजतात, पण पंजाबी गुन्हेगारी कथा सहसा कुणी लावून बसत नाही. लावायचीच असेल तर ‘वॉर्निंग’ लावा. क्रम मात्र चुकवू नका. 2020 ची यूट्यूबवरची मालिका आधी, मग 19 नोव्हेंबर 2021 ला आलेला सिनेमा आणि शेवटी 2 फेब्रुवारी 2024 चा दुसरा भाग. दिग्दर्शक अमर हुंदल.

सिनेमाचा नायक गिप्पी गरेवाल, म्हणजे गेजा, लेखनही त्यांचंच. पण लोकांच्या लक्षात राहिला तो प्रिन्स कंवलजीत सिंगचा पम्मा, आणि त्याच्या जोडीला धीरज कुमारचा शिंदा. (आपल्या शिंद्यांशी संबंध नाही, तिकडे सुरिंदरला लाडानं शिंदा म्हणतात.) ही जोडी मालिकेत अंगवळणी पडलेली असेल तरच सिनेमाला रंग चढतो. नुसता सिनेमा बघितलात तर गेजा दिसेल, पम्माचं वजन कळणार नाही.

खरी अडचण भाषेची. ती वाटते तेवढी मोठी नाही, फक्त कान कुठे फसतो ते माहीत हवं. पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, झ, ढ, ध, भ मोकळे उच्चारत नाहीत. त्यांच्या जागी क, च, ट, त, प येतात आणि स्वर खाली दाबला जातो. म्हणून ‘घर’ आपल्याला ‘कर’ ऐकू येतं, आणि भावाला मारलेली ‘भाजी’ ही हाक ‘पाजी’ होते. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर माणूस मंडईत उभा आहे असं वाटलं असतं. ‘पिंड’ म्हणजे गाव. संगम माहुलीच्या घाटावरचा पिंड डोक्यात ठेवलात तर अख्खा प्रसंग उलटा कळेल. ‘गल्ल’ म्हणजे गोष्ट, ‘गड्डी’ म्हणजे गाडी, ‘नूं’ म्हणजे ला, ‘दा-दी-दे’ म्हणजे चा-ची-चे. वाक्याच्या शेवटी ‘सी’ आला की होता-होती समजा.

उलट काही ठिकाणी मराठी माणसाला हे आयतंच मिळतं. ‘पाणी’ तिकडेही पाणीच, ण सकट. ‘सोबत’साठीच्या ‘नाळ’मध्ये आपला ळ आहे. ‘इत्थे’ ऐकलं की इथे समजायला कुणी सांगावं लागत नाही.

मालिकेचे पहिले दोन भाग इअरफोन लावून बघा. टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर दबलेला स्वर ऐकूच येत नाही आणि सगळं ‘कर-कर’ वाटतं. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग 0.75 केला की शब्द सुटे होतात. पण संपूर्ण भाग त्या वेगात बघू नका. धमकीच्या आधीची शांतता लांबते आणि प्रसंगाचा ताण निघून जातो. अडलेला संवाद तेवढा मागे घेऊन हळू ऐका, मग पुन्हा नेहमीच्या वेगात. आपोआप उमटणाऱ्या मजकुरावर विसंबू नका, नावं आणि शिव्या दोन्हींची वाट लावतो.

बंदुका आणि रक्त भरपूर आहे, त्यामुळे जेवणाच्या वेळी पोराबाळांसमोर लावायचं हे नव्हे. सिनेमात पसारा वाढतो, पण माझं मत मालिकेच्याच बाजूनं. तिथे दोन माणसं, एक हत्यार आणि बोलणं एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. सिनेमाच्या दुसऱ्या भागासाठी वेळ नसेल तर तो मागे ठेवा, मालिका मात्र सोडू नका.