हत्यारांची वळकटी: जुन्या जिप्सीसाठी जमवलेलं टूलकिट, पावसाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो: पेटीत भरून मिळणारं तयार टूलकिट घेऊ नका. आपल्या गाडीच्या नटांची मापं घ्या, त्याच मापांचे पाने घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला जॅक आणि दोन-चार सुटे भाग आणा. हे का म्हणतोय ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माझी गाडी जुनी जिप्सी, एमपीएफआय, १२९८ सीसी, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). नेहमीचा रस्ता सातारा, यवतेश्वर, कास, बामणोली आणि तिथून पुढे गावाकडची कच्ची वाट. आमच्या भागात ऑफ-रोड हा शौक कमी आणि नाइलाज जास्त. जांभा खडक, त्यावर लाल चिकट माती, पावसात वाटेवरूनच वाहणारे ओढे. (कासच्या पठारावर गाडी घालण्याविषयी मी बोलत नाहीये. ते २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. तिथं गाडी पार्किंगच्या पुढं न्यायचीच नाही.) कोयनेच्या पाण्याच्या कडेनं गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि गॅरेज म्हटलं तर मेढा नाहीतर थेट सातारा. त्यामुळे वळकटीत काय ठेवायचं याची माझी कसोटी एकच: या वस्तूनं गाडी डांबरापर्यंत येईल का? पूर्ण दुरुस्ती गॅरेजात होईल. चिखलात बसून कोणी गिअरबॉक्स उघडत नाही.

तयार संच एका मित्रानं ऑनलाइन मागवला होता, शंभरावर नगांचा. दिसायला झकास. उघडून बघितलं तर निम्मे नग स्क्रू ड्रायव्हरची इवलीशी टोकं. सॉकेट सगळे बारा कोनांचे. बारा कोनांचा सॉकेट पटकन बसतो हे खरं, पण गंजलेल्या नटावर जोर लावला की तो कोपऱ्यांवरून घसरतो आणि नट गोल होतो. सहा कोनांचा सॉकेट नटाच्या सपाट बाजूंवर दाब देतो, म्हणून जुन्या गाडीला तोच हवा. मित्राच्या संचातल्या रॅचेटचे (सॉकेट फिरवायच्या दातेरी दांड्याचे) दात पहिल्याच उन्हाळ्यात सुटायला लागले. पेटी मात्र अजून नव्यासारखी आहे.

आमच्या मिस्त्रींनी तो संच हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, "दादा, पंधराचा नट दाखवा मला ह्या जिप्सीत." शोधून सापडला नाही. सुझुकीचं गणित जपानी आहे: १०, १२, १४, १७ आणि १९ मिलिमीटर. प्लगसाठी सोळाचा खोल बॉक्स पाना. बस्स. तेराचा पाना मला लागला तो फक्त आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेल्या सीटच्या बोल्टांना.

म्हणून मी या पाच मापांचे रिंग पाने आणि डबल एंड पाने सुटे घेतले, नाशिकच्या टपारियाचे. सॉकेट अर्धा इंच ड्राइव्हचे, सहा कोनी, एक लांब आणि एक आखूड एक्स्टेन्शन. दहाचा पाना दोन नग आहेत, कारण बॅटरीच्या टर्मिनलपासून एअर फिल्टरपर्यंत सगळीकडे तोच लागतो आणि इंजिनात पडला की तळाच्या पत्र्यावर जाऊन बसतो. रॅचेट जुना आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातला. बुधवार-रविवारी तिथं चिकाटीनं शोधलं तर जुनी जर्मन हत्यारं हाताला लागतात. कंपनीचं नाव झिजून गेलंय, पण दात अजून खणखणीत आहेत.

निवड पक्की करायला एक युक्ती केली, ती फार उपयोगी पडली. गाडीची घरची सगळी कामं, म्हणजे ऑइल बदलणं, बॅटरी काढणं, चाकं अदलाबदल करणं, बेल्ट ताणणं, फक्त या वळकटीतली हत्यारं घेऊन करायची. घरातल्या दुसऱ्या पेटीला हात लावायचा नाही. जे कमी पडलं ते वळकटीत आलं, जे पडून राहिलं ते बाहेर गेलं. मोठा पाइप पाना असाच बाहेर गेला. तो जवळ असला की उगाच धीर येतो, बाकी काही नाही.

आता चाकाचे नट. गॅरेजात हवेच्या गननं नट इतके आवळतात की रस्त्यात पंक्चर झालं की गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्यावर उभं राहावं लागतं. हिशेब सोपा आहे. पाव मीटर लांबीच्या पान्यावर ४० किलोचा जोर दिला तर साधारण १०० न्यूटन-मीटर मिळतात. तोच जोर ६० सेंटिमीटरच्या दांड्यावर दिला की जवळपास अडीचपट. म्हणून एक लांब ब्रेकर बार आणि एकोणीसचा खोल सॉकेट या दोन वस्तूंवर मी कंजुषी केली नाही. घरचे कोणीही, माझी मुलगीसुद्धा, आता नट सैल करू शकते. चाक बसवताना मात्र याच दांड्यानं हाणायचं नाही. हातानं समोरासमोरचे नट आवळायचे आणि शेवटी टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना. तो घरी असतो, वळकटीत नाही.

जॅकविषयी जरा जास्त लिहितो, कारण माणसं इथंच फसतात. गाडीबरोबरचा सिझर जॅक डांबरावर ठीक. पावसात भिजलेल्या वाटेवर त्याचं छोटं बूड मातीत रुततं. जॅक वर जातो आणि गाडी जागेवरच. मी बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीसारखा) घेतला आणि त्याखाली ठेवायला बाभळीच्या जाड फळीचा साधारण फूटभर चौकोन करून घेतला. सुताराकडं पडलेला तुकडा होता. त्या फळीनं जॅकइतकंच काम केलंय. दुसरी गोष्ट, जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा एकच आख) आहे, म्हणून जॅक चॅसीला न लावता थेट ॲक्सलखाली लावायचा. चॅसीला लावला तर आधी पाटे सुटत जातात आणि चाक जमिनीवरून उठेपर्यंत जॅकची उंची संपते. उतारावर दगडांपेक्षा लाकडी पाचर बरी. पाचरी दोन आहेत, दोऱ्यानं एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे एक मागं विसरत नाही.

बॉटल जॅकचा एक त्रास सांगायला हवा. आडवा ठेवला की तेल पाझरतं. पट्टा लावून उभाच बांधावा लागतो.

हवा: बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर आहे. चिखलात चाकांची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड येते. वर आल्यावर ती भरायलाच हवी, नाहीतर डांबरावर टायर तापतो. कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटमधून चालवू नका, फ्यूज उडतो. चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. एका चाकाला पाच-सहा मिनिटं जातात, चार चाकं झाल्यावर तो हात लावायला नको इतका तापतो. आवाज असा की शेजारच्या वस्तीवरची कुत्री जागी होतात. पंक्चरच्या पट्ट्या, सुई, रीमर हे सगळं आहेच, पण ते टायरच्या चालणाऱ्या भागासाठी. जांभ्याच्या कडेनं टायरची बाजू फाटली तर पट्टी टिकत नाही, स्टेपनीच लागते. म्हणजे स्टेपनीची हवा बघणं हा टूलकिटचाच भाग धरा.

या महिन्यांत सगळ्यात मोठं काम केलं ते एका स्वस्त वस्तूनं: जादा क्लच केबल. भर पावसात गावच्या चढावर केबल तुटली. पेडल गपकन खाली, रेंज नाही, अंधार पडत आलेला. गाडी आधी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी) पहिल्या गिअरला टाकून तशीच किल्लीनं स्टार्ट केली. इंजिन घेता घेता गाडी रांगत वरच्या सपाटीवर आली. तिथं डोक्याला लावायच्या बॅटरीच्या उजेडात नवी केबल घातली. एका टोकाला पेडलचा हूक, दुसऱ्या टोकाला ॲडजस्टिंग नट, पक्कड आणि दोन पाने. हात चिखलानं भरले असताना वेळ लागला, पण झालं. गॅरेजची गाडी बोलवायची म्हटली असती तर आधी रेंज शोधत डोंगर चढावा लागला असता. त्या दिवसापासून घरात या वळकटीच्या खर्चाचा विषय कोणी काढलेला नाही.

त्याच न्यायानं एक फॅन बेल्ट ठेवला आहे. या इंजिनात तोच वॉटर पंप फिरवतो, म्हणजे बेल्ट गेला की चार्जिंगबरोबर कूलिंगही गेलं. रेडिएटरच्या होजचा (रबरी नळीचा) एक तुकडा, तो आवळायच्या चार-पाच जुबिली क्लिप आणि ताणून गुंडाळायची सिलिकॉन टेप. यवतेश्वरच्या घाटात वरचा होज क्लिपजवळ चिरला तेव्हा चिरलेलं टोक कापून टाकलं, उरलेला होज ओढून पुन्हा बसवला आणि नवी क्लिप आवळली. गाडी निवेपर्यंत रेडिएटरची टोपी उघडायची नाही. आत पाणी दाबाखाली असतं, टोपी सैल केली की उकळून अंगावर येतं. तेवढ्या वेळात दोन मोटारसायकलवाले थांबून सल्ले देऊन गेले, ते फुकट.

बांधणीची तार, केबल टाय, एम-सील, इन्सुलेशन टेप याबद्दल लिहायची गरज नाही. सायलेन्सरचा हँगर तुटला की तारेचं महत्त्व कळतंच.

विजेच्या कामाला मल्टिमीटर घेतला होता, पण वापरतो तो साधा टेस्ट लॅम्प. हेडलाइट गेला, हॉर्न गेला, पेट्रोल पंपाचा आवाज येईना, तर फ्यूजच्या दोन्ही टोकांना लॅम्प लावून करंट कुठवर येतोय ते कळतं. ओढ्यातून गेल्यावर गाडी मिसफायर करायला लागली तर आधी कनेक्टर सोडून पुसा, मग शंका घ्या.

आता वळकटी. पत्र्याची पेटी खडखडते आणि उलटली तर जड हत्यार पायावर येतं. रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडून जाड कॅनव्हासची वळकटी शिवून घेतली, प्रत्येक पान्याला वेगळा खण, वरून झडप. रिकामा खण दिसला की काय मागं राहिलं ते लगेच कळतं, हा सगळ्यात मोठा फायदा. वळकटी मागच्या आडव्या बाकाखाली पट्ट्यानं आवळलेली असते. सुटी ठेवलेली दहा-बारा किलोची वस्तू जोरात ब्रेक मारल्यावर पुढे येते, तेव्हा बांधणं महत्त्वाचं.

पण कॅनव्हासनं पावसाळ्यात दगा दिला. कास-बामणोलीकडचा पाऊस म्हणजे महिना महिना कपडे वाळत नाहीत. कॅनव्हास ओल धरून ठेवतो आणि क्रोम उडालेल्या जागी तांबेरा चढतो. जुना रॅचेट आणि छिन्नी तर लालच झाली होती. आता इंजिन ऑइल लावलेलं फडकं आतच गुंडाळून ठेवतो, परत आल्यावर वळकटी उलगडून पंख्याखाली टाकतो, आणि श्रावण संपेपर्यंत ती प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात असते. मऊ ताडपत्रीची शिवली असती तर ओल धरली नसती, पण ती कोपऱ्याला पान्यांनी लवकर फाटते, असं शिवणाऱ्याचं म्हणणं.

खर्च जॅक आणि कॉम्प्रेसर धरून १२,००० च्या आत बसला, एकदम नाही, तीन-चार पगारांत. ओढायचा पट्टा आणि दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आधीपासून होते. गाडीला हूक नीट जोडलेला नसेल तर पट्ट्याला हात लावू नका, सुटलेला शॅकल गोळीसारखा येतो.

बोलेरो किंवा थारवाल्यांनी माझी मापं जशीच्या तशी उचलू नयेत. महिंद्राच्या गाड्यांत बारा-चौदाऐवजी तेराचे नट भरपूर सापडतात. बोलेरोला पुढं सलग ॲक्सल नाही, त्यामुळे जॅकची जागाही बदलते. आणि एखाद्याकडं अजून जुनी जीप असेल तर तिचे कितीतरी नट इंची निघतील, सुतात मोजायचे. मिलिमीटरचा पाना त्यावर जवळपास बसतो आणि कोपरे खातो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन एक रविवार गाडीखाली घालवा, मगच दुकानात जा.