डेव्हिड ससून लायब्ररी, काळा घोडा: एफवायला बुजलेल्या पोरांनी जावं अशी जागा

मुंबईत फोर्ट-चर्चगेटकडच्या कॉलेजात यंदा एफवायला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, ॲडमिशन घेतलीय आणि वर्गात तोंड उघडायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतो, अशांसाठी मुद्दाम हा रिव्ह्यू लिहितेय. एमजी रोडवरची ती पिवळसर मालाड दगडाची कमानीवाली इमारत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या शेजारी, जहांगीर आर्ट गॅलरीपासून दोन पावलांवर. बाहेरून सगळ्यांनी पाहिलेली असते पण आत जायला धजत नाहीत, कारण वाटतं हे मोठ्या लोकांचं काहीतरी असणार, गेटवरच हटकतील. मला कोणी हटकलं नाही. कॉलेजचं आयकार्ड आणि फोटो घेऊन जा, काउंटरवर सरळ मराठीत मेंबरशिपचं विचारा.

आता एफवायचं म्हणाल तर अभ्यास त्यात सगळ्यात सोपा. मी कणकवलीची, डोंबिवलीला मामाकडे राहते. वर्गात गेले तर बहुतेक सगळे त्याच कॉलेजच्या ज्युनिअर कॉलेजमधून वर आलेले, त्यांचे ग्रुप अकरावीपासूनचे, बेंचसुद्धा ठरलेले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट, एबीसी आयडी हे शब्द सगळ्यांना आधीच कळल्यासारखे वाटायचे आणि विचारायचं कोणाला हेच कळायचं नाही. पण खरा त्रास दोन लेक्चरमधल्या गॅपचा. डोंबिवलीला परत जाऊन येणं शक्यच नाही, एका बाजूचाच तास-सव्वा तास, आणि कँटीनमध्ये प्रत्येक टेबलावर कोणाचा ना कोणाचा ग्रुप. मी कूलरवर बाटली भरायला जायचे, बाटली भरलेली असली तरी थोडं पाणी ओतून परत भरायचे, कारण तेवढा वेळ काहीतरी करतेय असं दिसायचं. हे ज्याने केलंय त्यालाच कळेल एकटं असण्यापेक्षा एकटं दिसण्याची भीती किती मोठी असते.

लायब्ररीत नेमकं हेच सुटतं. रीडिंग रूममध्ये बघाल तिथे माणसं आपापली एकटी बसलेली असतात, लॉची पोरं जाडजूड पुस्तकं उघडून, कोणी स्पर्धा परीक्षेचं करतंय, कोणी रिटायर्ड आजोबा पेपर वाचतायत. तू कुठल्या ग्रुपमधली, कुठून आलीस, इंग्लिश एवढं अडखळत का बोलतेस, काही नाही. आणि तरी आजूबाजूला माणसं असतात, हॉस्टेलच्या खोलीत दार लावून बसल्यासारखं होत नाही. बुजऱ्या माणसाला शांतता हवी असते हे सगळे म्हणतात पण माझ्या मते त्याला माणसांतली शांतता हवी असते, आणि ती मुंबईत शोधून सापडत नाही.

ओळखी पण तिथेच झाल्या आणि त्या बोलायला न लागता झाल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज तेच चेहरे, आधी नुसती मान हलवायची, मग एक दिवस समोरची मुलगी म्हणाली, "जरा बॅगेकडे बघशील? चहा घेऊन येते." पुढच्या वेळी मी तिला तेच म्हटलं. मग दोघी आलटूनपालटून, आणि एकदा बॅगा घेऊनच खाली चहाला गेलो. ती घाटकोपरची, लॉ करतेय, ती पण मराठी मीडियमची. तिने मला एक साधी गोष्ट शिकवली, नोट्स इंग्लिशमध्ये काढायच्या पण मार्जिनमध्ये प्रत्येक पॅराचा अर्थ आपल्या शब्दांत मराठीत एका ओळीत लिहायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त मार्जिन वाचायचा. वर्गातल्यांशी मी बोलायला लागले ते यानंतर, आधी नाही.

जागेचा इतिहास पण सांगते कारण तो वाचून माझं दडपण गेलं. १८४७ साली सरकारी टांकसाळ आणि डॉकयार्डात काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक लोकांनी शिकण्यासाठी ही संस्था काढली, बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी इमारतीसाठी देणगी दिली, आणि १८७० मध्ये ती बांधून झाली. म्हणजे ही जागा कामगार पोरांचीच होती मुळात. आणि शेजारच्या एल्फिन्स्टनमधून बाबासाहेब १९१२ मध्ये बीए झाले. त्या दोन इमारतींच्या मधून चालताना मला दर वेळी बळ येतं, खरंच येतं.

वरच्या बाल्कनीत लांब हातांच्या जुन्या लाकडी आरामखुर्च्या आहेत, खाली एमजी रोडचं ट्रॅफिक, चौकात तो बिनस्वाराचा काळा घोडा. हा २०१७ चा नवा, जुना, वर बसलेल्या सातव्या एडवर्ड राजासकटचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीबागेत आहे. मागे बाग आहे, डोळे थकले की तिथे बसायचं. पुस्तकं मराठीतली पण आहेत, हे खूप जणांना माहीत नसतं.

ग्रुप स्टडीवाल्यांनी येऊ नका, इथे बोलत बसता येत नाही, फोन सायलेंटवर. परीक्षेच्या दिवसांत सकाळीच जाऊन जागा धरा. दादर-माटुंग्याच्या कॉलेजवाल्यांना एवढ्या लांब यायची गरज नाही, दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं, आधी तिथे चौकशी करा.

आणि एक, झोप उडालीय, जेवण जात नाही, सकाळी ट्रेन पकडतानाच छाती धडधडते असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर रीडिंग रूमवर भागवू नका. टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फ्री, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. घरी सांगायला जमत नसेल तरी तिथे सांगा.

सीएसएमटीहून डीएन रोडने हुतात्मा चौक आणि पुढे सरळ एमजी रोड, चालत पंधरा-वीस मिनिटं. एकट्याने पहिल्यांदा आत शिरायला फारच जड जात असेल तर काळा घोडा फेस्टिव्हलच्या वेळी मागच्या बागेत कार्यक्रम असतात, तेव्हा गर्दीबरोबर जाऊन जागा बघून घेता येते. पण तो येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर पहिलं सेम संपून जातं, म्हणून जमलं तर त्याआधीच जा, गॅप दीड तासाचा असेल त्या दिवशी.