जुन्या गाडीसाठी जीपीएस ट्रॅकर की ब्लूटूथ टॅग?

हौसेने जपलेली जुनी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून वायरिंगला जोडायचा जीपीएस ट्रॅकर घेऊ की अ‍ॅपलच्या एअरटॅगसारखा छोटा ब्लूटूथ टॅग, असं एका मित्राने विचारलंय.

खर्चात टॅग जिंकतो. पैसे एकदाच, त्यातला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल साधारण वर्षभर पुरतो. ट्रॅकरला सिमकार्ड, म्हणजे वर्गणी आलीच.

बसवणं मात्र नीट बघा. गाडी उभी असतानाही ट्रॅकर थोडा करंट खातो, त्यामुळे महिनोन्महिने न हलणाऱ्या गाडीची बॅटरी उतरते. बऱ्याच जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या, काहींचं तर अर्थिंगच पॉझिटिव्ह, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं! उपकरण त्यावर चालतं का, हे आधी तपासा. टॅग सीटच्या फोममध्ये खुपसला की झालं.

चोरीनंतर काय? टॅगला स्वतःचा जीपीएस नसतो. आसपास त्याचा ब्लूटूथ सिग्नल पकडणारा कुणाचा तरी फोन असेल तरच ठिकाण कळतं. शिवाय लपून पाठलाग होऊ नये म्हणून टॅगसोबत फिरणाऱ्या अनोळखी फोनवर इशारा जातो, म्हणजे चोरालाच चाहूल! ट्रॅकर थेट ठिकाण दाखवतो, पण सिग्नल अडवणाऱ्या जॅमरपुढे तोही आंधळा.

गाडी नेहमी बाहेर काढत असाल तर ट्रॅकर. मूळ वायरिंगला हात लावायचा नसेल आणि गाडी वर्दळीच्या वस्तीत असेल, तर टॅग चालेल. फार मोलाची असेल तर दोन्ही, वेगवेगळ्या जागी लपवून.