शाळेचं मुक्कामी शिबिर: आपलेच शिक्षक, कॅम्पवाले की दोघं मिळून?

दिवाळीनंतर नागपुरातल्या शाळांमध्ये मुक्कामी शिबिराचे बेत सुरू होतात. जागा लवकर ठरते: खिंडसी तलाव, पेंचजवळचं सिल्लारी, फार तर चिखलदरा. सोबत कोण जाणार आणि रात्री कोण जागणार, हे मात्र बसची आगाऊ रक्कम भरून झाल्यावर पाहिलं जातं. आधी माणसं मोजावीत आणि ती पुरतील तेवढीच मुलं न्यावीत.

मोजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण घेऊ. सातवी-आठवीची ५० मुलं, त्यांत २० मुली, मुक्काम एका रात्रीचा.

आपलेच शिक्षक

दहा मुलांमागे एक गटशिक्षक, म्हणजे पाच जण. त्यांच्यावर एक शिबिरप्रमुख, ज्याच्याकडे गट नसावा. आणि सातवा माणूस राखीव, प्रथमोपचार येणारा. या सातांत किमान तीन स्त्रिया हव्यात. मुलींचे गट दोनच असले तरी तीन. रात्री दोन वाजता एखाद्या मुलीचं पोट दुखू लागलं, एक शिक्षिका तिला घेऊन दवाखान्यात गेली, तर मागे दोघी उरतात: एक जागी, एक झोपलेली. दोनच नेल्या असतील तर उरलेली एकटी उजाडेपर्यंत जागते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच भरवशावर वीस मुली असतात. शाळेतल्या मावशींना या तिघींत धरू नये. त्या दिवसभर स्वयंपाकात आणि आवराआवरीत असतात, रात्रपाळी त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

या पद्धतीत मुलांची ओळख असते. झोपेत कोण चालतं, फिट कोणाला येते, कोणाला अंथरूण ओलं होण्याची धास्ती आहे, हे वर्गशिक्षिकेला ठाऊक असतं. कमी पडतं ते कौशल्य. तंबू, दोर, नाव, शेकोटी यांचा सराव नसलेली माणसं दिवसभर हेच करून दमतात आणि दमलेलीच रात्री पहाऱ्यावर बसतात. शिवाय सात शिक्षक बाहेर म्हणजे शाळेतल्या तासिकांचीही व्यवस्था लावावी लागते.

सगळं कॅम्पवाल्यांवर

माहितीपत्रकात ‘दहा मुलांमागे एक प्रशिक्षक’ असं असतं. त्या आकड्यात बरेचदा आचारी, नावाडी आणि मॅनेजरही धरलेले असतात. म्हणून आकडा विचारूच नये. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात जागं कोण असेल, त्यांची नावं लेखी मागावीत. बहुतेकदा उत्तर एकच येतं: वॉचमन. तो फाटकावर असतो, त्याचं लक्ष आत येणाऱ्यावर. आतल्या तंबूतून कोण बाहेर पडलं, हे त्याच्या कामात येत नाही.

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे केलेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र बघावं. दोरावरच्या खेळांसाठी प्रशिक्षकाचं गिर्यारोहणाचं प्रशिक्षण, पाण्यासाठी जीवरक्षक, आणि सगळ्यांची पोलीस पडताळणी. हंगामापुरती घेतलेली मुलं प्रशिक्षक म्हणून उभी केली जातात, त्यामुळे कागद संस्थेचा नको, येणाऱ्या माणसाचा हवा. कॅम्पवाल्यांचा कोणीही एकटा एका मुलासोबत राहणार नाही आणि मुलींच्या तंबूकडे जाणार नाही, हे करारात लिहून घ्यावं. एवढं करूनही पालकांसमोर उत्तर द्यायचं ते शाळेलाच.

मिश्र पद्धत

मुलं सांभाळणं शाळेकडे, जागा आणि खेळ कॅम्पवाल्यांचे. नागपूरच्या आसपासच्या बहुतेक शाळांना हीच परवडते, पण एक गैरसमज आधीच काढावा: यात शिक्षक कमी होत नाहीत. सातच लागतात. वाचते ती त्यांची दमछाक, कारण तंबू, चूल आणि दोर यांतून त्यांचे हात मोकळे राहतात. कॅम्पवाल्यांकडून प्रत्येक खेळाला एक प्रशिक्षक, एक मदतनीस, हद्दीवर पहारेकरी आणि रात्रभर उभी असलेली एक गाडी घ्यावी. गाडीचा चालक झोपलेला असावा. त्याला पहाऱ्यात मोजू नये. शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते, ती जरूर घ्यावी. पण ती बस रात्री मुक्कामाच्या जागी थांबेल का, हे आगारात आधी विचारावं. थांबली तरी अरुंद रस्त्यावर आजारी मूल न्यायला जीप बरी.

पाळ्या दोन की तीन?

रात्री १० ते सकाळी ६ असे आठ तास. पाळ्या दोन असोत की तीन, एका वेळी एक पुरुष आणि एक स्त्री जागे.

तीन पाळ्या केल्या तर प्रत्येकाला पावणेतीन तासांहून थोडं कमी जागावं लागतं, म्हणून त्या सोप्या वाटतात. पण मग तिन्ही शिक्षिका पाळीत अडकतात आणि त्यांच्यातली राखीव कोणीच राहत नाही. मधल्या पाळीवाल्यांची झोप तुटून दोन तुकडे होतात ते वेगळंच. दोन पाळ्यांत, १० ते २ आणि २ ते ६, चार जण जागतात. एक शिक्षिका, प्रमुख आणि राखीव शिक्षक पूर्ण झोपतात. आमचा कौल दोन पाळ्यांना. अट एवढीच की पाळी केलेल्यांकडे सकाळी पाण्याजवळचं काम द्यायचं नाही.

जागणं म्हणजे तंबूच्या दोन्ही रांगा आणि संडासाची वाट दिसेल अशा जागी बसणं, दर अर्ध्या तासाला फेरी आणि दोन वाजता पाळी देताना दोघांनी मिळून मोजणी. मुलींच्या तंबूत शिक्षिकाच डोकावेल. मोबाइल बघत बसलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावत नाहीत, हे सहसा कोणी सांगत नाही. मोजणी नावाने करावी. नुसत्या आकड्यात दुसऱ्या गटातलं मूल भर घालतं आणि बेरीज बरोबर येते.

तंबू की पक्की खोली

विदर्भात हा प्रश्न मुख्यतः मण्यारीचा आहे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याची खूण किंवा वेदना फारशी नसते. पहाटे मूल पोटदुखी किंवा घसा दुखत असल्याचं सांगतं, पापण्या जड होतात. अशा वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन थांबू नये. चिरणं, आवळून बांधणं काही नाही. हालचाल थांबवून थेट रुग्णालय, सोबत १०८ ला फोन. कडाक्याच्या थंडीत धोका कमी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जास्त. तंबू घ्यायचाच तर तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा. खोलीत पलंग आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. फरशीवर ओळीने गाद्या टाकलेली पक्की खोली चांगल्या तंबूपेक्षा सुरक्षित नसते.

डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो. शेगडी किंवा निखारे आत कुठेच न्यायचे नाहीत, कारण बंद जागेत त्यांच्या वायूने माणूस झोपेतच दगावतो. मुलामागे दोन ब्लँकेट घ्यावीत.

जागा

खिंडसी रामटेकजवळ, नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. रामटेकला उपजिल्हा रुग्णालय, पुढे नागपुरातली मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं. धोका तलावाचा. अंधार पडल्यावर काठाकडची वाट माणूस उभा करून बंद ठेवावी. सिल्लारीला पेंचचं जंगल लागून आहे, मोबाइलला रेंज बेभरवशाची, आणि संडासाला जातानाही दोन मुलं आणि सोबत पहाऱ्यावरचा एक शिक्षक. चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, घाटरस्ता. पहिल्याच मुक्कामाला तिथे नेऊ नये. निघण्याआधी जवळच्या रुग्णालयात सर्पविषावरची लस आणि रात्रीचे डॉक्टर यांची चौकशी करावी, तीही निघण्याच्या आठवड्यातच. पहिल्या वर्षी शाळेच्याच मैदानावर एक रात्र काढली तर पाळ्या आणि मोजणी यांची तालीम होते, आणि चुकलं तर पालक अर्ध्या तासात पोहोचतात.

तिसरी शिक्षिका मिळत नसेल तर मुलींना वगळून निघण्याची सूचना हमखास येते. ती नाकारावी. तारीख जानेवारीत ढकला, किंवा रात्री आठपर्यंतचं दिवसाचं शिबिर करा. मार्चपर्यंत थांबलात तर ऊन आणि आग्या मोहोळ असा दुसरा हिशोब सुरू होतो.