वॉरंटी बारा महिन्यांची, हप्ते अठ्ठेचाळीस

सप्टेंबर २०२३मध्ये मी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून पेट्रोल हॅचबॅक घेतली. २०१७ची गाडी, ६१ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ४ लाख ३५ हजार. मी फसले ती सगळं ठरून गेल्यावर, सह्या करायच्या टेबलावर, एक्स्टेंडेड वॉरंटीच्या नावाखाली. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला त्या टेबलावर बसावं लागतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

टोकन दिलेलं होतं, लोन मंजूर झालेलं होतं. विक्रीला असलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी आहे, कधी काय निघेल सांगता येत नाही. १७,९०० रुपयांत वर्षभर टेन्शन नाही. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळं कव्हर." सोबत बाबा होते. त्यांनी विचारलं, "सगळं म्हणजे काय काय, ते कागदावर दाखवा." त्याने एक रंगीत पत्रक पुढे केलं. बाबा म्हणाले, "हे नाही, अटींचा कागद." तो म्हणाला, अटी सर्टिफिकेटबरोबर मेलवर येतील. बाबा अजून काही विचारणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "बाबा, जाऊ द्या ना, उशीर होतोय." ते गप्प बसले. ते माझं बोलणं मला आजही टोचतं.

पैसे रोख द्यायची गरज नाही, लोनमध्येच टाकू, असं त्याने सुचवलं आणि मी हो म्हटलं. घरी आल्यावरही हिशेब केला नाही. साडेतेरा टक्के व्याजाने चार वर्षांत त्या १७,९०० चे महिन्याला ४८५ रुपये, म्हणजे एकूण २३,२८० रुपये होतात. वॉरंटी वर्षात संपली, हप्ते अजून चालू आहेत. अटींचा मेल बारा दिवसांनी आला. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. मी तो उघडलाही नाही.

मे २०२४मध्ये कराडला लग्नाला निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना एसीतून गरम हवा यायला लागली, मग गोडसर, जळका वास आला आणि लगेच तापमानाचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेटमधून वाफ येत होती, खाली रस्त्यावर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा हिरवा ओघळ. सातारा जवळ होतं, पण वॉरंटी कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्येच गाडी गेली पाहिजे, असं फोनवर सांगितलं. म्हणून परत पुण्याला टो करून आणली, ५,५०० रुपये खिशातून.

गॅरेजच्या मिस्त्रींनी रेडिएटरचा वरचा होस, म्हणजे कूलंटची रबरी नळी, काढून माझ्या हातात दिला. क्लिपच्या खाली बोटाच्या पेराएवढी उभी चीर होती. चिमटीत दाबला तर रबर कडक लागत होतं आणि काळे कण हाताला येत होते. "ताई, हा मूळचाच होस आहे. कधी बदललेला दिसत नाही," ते म्हणाले. पाणी गेलं, इंजिन तापलं, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वाकलं आणि त्याखालचं हेड गॅस्केट गेलं. काम ४६ हजारांचं.

हेड उघडायच्या आधी एका फॉर्मवर सही करावी लागली: क्लेम नामंजूर झाला तर खोलजोडीचे पैसे ग्राहकाचे. नऊ दिवस गाडी खोललेल्या अवस्थेत पडून राहिली. मग उत्तर आलं. रबरी भाग वॉरंटीत येत नाहीत. वगळलेल्या भागामुळे दुसऱ्या भागाचं नुकसान झालं तर तेही येत नाही. गाडी तापून झालेलं नुकसान तर कशामुळेही असो, येत नाही.

तेव्हा मी ती चौदा पानं पहिल्यांदा वाचली. तिसऱ्या पानावर सिलिंडर हेडचं नाव कव्हर असलेल्या भागांमध्ये स्पष्ट आहे. नवव्या पानावरच्या दोन ओळी ते काढून घेतात. गाडी तापल्याशिवाय हेड वाकायचे प्रसंग किती येतात, हे कुठल्याही मिस्त्रीला विचारा. शिवाय एका क्लेमची कमाल मर्यादा ३० हजार, पहिले ३० दिवस क्लेमच नाही, आणि दर १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला सर्व्हिसिंग केल्याची बिलं हवीत. यातलं एक अक्षर त्या टेबलावर कुणी उच्चारलं नव्हतं.

डीलर म्हणाला, वॉरंटी आमची नाही, त्या कंपनीची आहे. कंपनी म्हणाली, डीलरने तोंडी काय सांगितलं त्याला आम्ही बांधील नाही. म्हणजे पैसे घेणारा वेगळा, शब्द देणारा वेगळा आणि क्लेम नाकारणारा तिसराच. मला सगळ्यात जास्त राग येतो तो डीलरच्याच तपासणी अहवालाचा. विक्रीच्या वेळी मला दिलेल्या त्या कागदावर 'कूलंट होस' समोर बरोबरची खूण आहे.

तुम्ही त्या टेबलावर असाल तर अटींचा पूर्ण कागद हातात आल्याशिवाय सही करू नका. आधी वगळलेल्या भागांचं पान काढा, मग एकच विचारा: न धरलेल्या भागामुळे धरलेला भाग गेला तर पैसे कोण देणार? उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची असेल तर गोष्ट वेगळी. ती साधारणपणे मूळ वॉरंटी संपायच्या आत घेतलेली असते आणि चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासता येते. बाहेरच्या कंपनीची असेल, तर माझं प्रामाणिक मत आहे की ते पैसे बाजूला ठेवा. घेतल्या घेतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून होस, थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलून घेतलं असतं, तर माझं काम त्यातल्या थोड्याच पैशांत झालं असतं.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यानंतर डीलरचा फोन आला: पाच हजार देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. माझ्याकडे त्या मुलाचा एक मेसेज निघाला, गाडी घ्यायच्या आदल्या दिवशीचा: 'इंजिन गिअरबॉक्स सगळं कव्हर आहे मॅडम'. तो मेसेज, तपासणी अहवाल आणि नवव्या पानाची प्रत जोडली आहे.

होस मिस्त्री भंगारात टाकत होते. बाबांनी तो मागून घेतला, पिशवीत घालून वर तारीख लिहिली. आयोगात सुनावणीच्या तारखेला जाताना आम्ही दोघं तो सोबत नेतो.